पिंजणाचा ठेका

सकाळी जाग आल्यावर तुमच्या कानांवर पहिला आवाज कोणता पडतो? आमच्या घरी तो पोळपाटावर फिरणाऱ्या लाटण्याचा असतो. लाटणं दोनदा पुढे जातं, क्षणभर थांबतं, पोळी फिरवली जाते, बांगड्या किणकिणतात आणि पुन्हा लाटणं सुरू होतं. एकदा मी बायकोला विचारलं, "हे तू मोजून करतेस का गं?" ती म्हणाली, "मोजत बसले तर पोळी वाकडी होईल."

आज मला बोलायचं आहे ते याच गोष्टीविषयी. आपण दिवसभर तालात वावरत असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. केर काढणं, धुणं आपटणं, ताक घुसळणं, जिना चढणं, मूल थोपटणं या सगळ्यांना ठेका आहे. तो चुकतो तेव्हाच कळतो. वीज गेलेली असताना जिना उतरताना वाटतं, अजून एक पायरी आहे. नसते. पाय जमिनीवर आदळतो आणि सगळं अंग हादरतं. पाऊल टाकण्याआधीच शरीरानं पुढच्या पायरीचा हिशेब मांडलेला असतो, हे त्या एका धक्क्यात कळून येतं.

मी पिंजाऱ्याचा मुलगा. मिरजेजवळच्या एका खेड्यात आमचं घर होतं. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. सतार आणि तंबोरे तिथे घडतात, अब्दुल करीम खाँसाहेब तिथल्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. आमच्या घरीही एक तंतुवाद्य होतं, पण त्याला कुणी वाद्य म्हणत नसे. ते अब्बांचं पिंजण.

नव्या वाचकांना पिंजण ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. जवळजवळ माणसाच्या उंचीचं, जाड लाकडाचं, आणि त्याच्या दोन टोकांत ताणून बांधलेली आतड्याची तात. आढ्याला दोरी बांधून पिंजण अधांतरी टांगायचं, म्हणजे त्याचं ओझं हातावर येत नाही. डाव्या हातानं ते सांभाळायचं आणि उजव्या हातात दोन्ही टोकांना फुगीर, डमरूसारखा लाकडी ठोकळा घेऊन तातेवर मारायचं. तात थरथरते, कापसात शिरते आणि चिकटून बसलेले तंतू उडवून सुटे करते. वर्षभर अंगाखाली दबून दगड झालेल्या गादीतला कापूस तासाभरात ढगासारखा फुलून यायचा.

पिंजताना अब्बांचं लक्ष डोळ्यांपेक्षा कानांत जास्त असायचं. कापूस दाटलेला असला की तातेचा आवाज दबून यायचा, ढप्प. तो मोकळा होत गेला की आवाज खुलायचा, तँऽय. ते म्हणायचे, "कापूस बोलायला लागला की हात थांबवायचा. त्याच्यावर मारलं तर तुटतो." आणखी एक गोष्ट त्यांनी मला दाखवली होती. टांगलेलं पिंजण झोक्यासारखं मागेपुढे होतं, आणि त्या झोक्याची स्वतःची एक चाल असते. त्या चालीत ठोका पडला तर हात दुखत नाही. चाल मोडून मारलं तर अर्ध्या तासात खांदा भरून येतो. बागेतल्या झोपाळ्यावर मुलाला झोका देताना आपणही हेच करतो. झोपाळा आपल्याकडे येऊन परत फिरतो नेमका त्या वेळी हात लावला की दोन बोटांचा धक्का पुरतो. अवेळी लावला तर आपणच मागे ढकलले जातो. कष्टाच्या कामात माणसानं ताल शोधला तो मौजेसाठी नसावा, जीव वाचवण्यासाठी असावा, असं मला वाटतं.

लगीनसराईत अब्बा पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे. आरोळी द्यायचे नाहीत. वेशीत शिरताना तात छेडायचे, आणि त्या एका आवाजावर बायका जुन्या गाद्या ओट्यावर आणून टाकायच्या. शाळेतली पोरं मला पाहून तोंडानं "तँय तँय" करायची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे बी.ए.ला शहरात गेलो, तेव्हा वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी "कापसाचा व्यापार" असं सांगत असे. त्याच काळात कविता लिहू लागलो. छंद, वृत्त, ठेका हे सगळं मला जुनाट वाटायचं. मी मुक्तछंदात लिहायचो आणि त्याचा मला अभिमान होता. आज मागे वळून पाहिल्यावर दिसतं की मी पळत होतो तो वृत्तापासून नव्हेच, त्या तातेच्या आवाजापासून.

आमच्या घरातला दुसरा ठेका अम्माचा. पहाटे जात्याची घरघर सुरू व्हायची. शेजारची काकू दळायला यायची. दोघी समोरासमोर बसायच्या, एका खुंट्याला दोघींचे हात, आणि ओव्या सुरू व्हायच्या. माझ्या अम्माच्या ओव्या मराठीच होत्या. माहेर, भाऊ, उन्हाळा, पाऊस, सासूचा स्वभाव, असं सगळं त्यांत असायचं. अशा ओव्यांचं मोल पुढे अभ्यासकांनी ओळखलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढी मोठी कविता एका दगडाभोवती फिरत होती!

ओवीचं एक वैशिष्ट्य छंदाच्या पुस्तकांत सांगितलेलं असतं, ते म्हणजे तिच्यात अक्षरांची संख्या बांधलेली नसते. एका चरणात आठ अक्षरं असतील, दुसऱ्यात अकरा. विद्यार्थी असताना मला ही ढिलाई वाटायची. जात्यापाशी बसून ऐकल्यावर उलगडा झाला. तिथे बांधलेली गोष्ट अक्षर नव्हतीच, फेरा होता. खुंटा एकदा फिरून येईतो ओळ संपली पाहिजे. शब्द कमी पडले तर स्वर लांबवायचा, जास्त झाले तर चटचट म्हणून घ्यायचे. माप दगडानं धरलेलं, गळा मोकळा. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी १२९० साली लिहिली गेली. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांच्या बांधणीत फरक आहे, तरी हा मोकळेपणा दोघींत आहे.

जात्यावर ओवी, तशी पिकाच्या कापणीला भलरी आणि विहिरीवर मोटेची गाणी. उखळात दोघी मिळून कांडत असल्या की एकीचं मुसळ वर असताना दुसरीचं खाली येणार. तिथे ताल चुकला तर नुसतं गाणं बिघडत नाही, हात फुटतो. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. सत्तरीतली माणसं ते अंतर पायी कापतात, त्यात श्रद्धेचं बळ असतंच, पण टाळ-मृदंगावर पडणाऱ्या पावलाचाही वाटा असतो. आमच्या भागात मोहरमला करबलचा फेर धरतात. त्यातही तेच दिसतं. दमलेला माणूस फेरातून बाहेर पडायला तयार नसतो.

आता थोडं कवितेविषयी. अरबी छंदशास्त्राचा पाया घालणारा खलील इब्न अहमद आठव्या शतकात बसरा शहरात राहत होता. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. तो बाजारातून चालला असताना तांबटांच्या हातोड्यांचे ठोके त्याच्या कानी पडले, आणि कवितेच्या ओळीही अशाच मोजता येतील, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पंधरा वृत्तं मांडली. सोळावं त्याच्या परंपरेतल्या पुढच्या पंडितानं जोडलं, असं मानतात. ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठवली. तिथेही भांड्यांवर एकसारखे ठोके पडतात. मठारकाम म्हणतात त्याला. ठोका एकसारखा पडला तरच भांड्यावर एकसारखी नक्षी उठते आणि पत्रा घट्ट होतो. झाडावर बसून "टुक्-टुक्-टुक्" असा न थकता ठोका देणाऱ्या हिरव्या पक्ष्याला आपण तांबट हेच नाव दिलं आहे. नाव ठेवणाऱ्यानं पक्षी पाहिला नसेल, आधी ऐकला असेल.

खलीलच्या शास्त्रात 'मुतकारिब' नावाचं वृत्त आहे. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. आपल्याकडे भुजंगप्रयात अगदी तसंच आहे, ल गा गा चार वेळा. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. शाळेत मी ते तोंडपाठ केले होते, आणि पुढे मुशायऱ्यात त्याच चालीची गझल ऐकली तेव्हा पाय आपोआप हलू लागला. कानाला धर्म विचारावा लागत नाही. दोन्हीकडे माप एकच आहे, गुरू अक्षराला लघूच्या दुप्पट वेळ. हे माप कागदावर जन्मलं नसणार. ते श्वासात, पावलात आणि हाताच्या ठोक्यात आधी होतं. माझ्या अब्बांचं पिंजणही भुजंगप्रयातात वाजायचं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण ते खरं नाही. त्यांचा ठेका साधा होता. एक, दोन. एक, दोन. माणूस चालतो तसा.

हे सगळं शरीरात कसं घडतं? घरी एक प्रयोग करून पाहा. भिंतीवरच्या घड्याळाच्या टिकटिकीबरोबर टेबलावर बोट आपटा. पहिले दोन-तीन ठोके चुकतील, मग जमेल. पण जमतं म्हणजे काय होतं? आवाज ऐकून मग बोट आपटलं, तर ते दर वेळी उशिराच पडेल. तसं होत नाही. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं, तेव्हा बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं, असं आढळलं. आधी म्हणजे सेकंदाच्या काही शतांशांनी. म्हणजे आपण ताल ऐकत नसतो, त्याची वाट पाहत असतो. अंधारात नसलेली पायरी पायाला लागते ती याच कारणानं.

ही वाट पाहणं आपण जन्मताच घेऊन येतो, असं दिसतं. २००९ साली हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत ढोलाचा ठेका ऐकवण्यात आला. मधूनच सम गाळली, तर त्या बाळांच्या मेंदूत 'काहीतरी चुकलं' अशी नोंद उमटली. त्यांना ना भाषा येत होती, ना मान धरता येत होती. आणि नुसता ठेका ऐकताना, अंग अजिबात हलवलं नाही तरी, मेंदूतले हालचालींचे भाग जागे होतात, हेही मेंदूच्या चित्रणातून दिसलं आहे. गाणं लागलं की पाय हलतो, त्यात पायाचा दोष नाही. कान आणि पाय यांच्यामधली वाट आतून आधीच बांधलेली आहे.

हे मला एवढ्या बारकाईनं वाचावं लागलं, त्याला कारण घडलं.

२०१२ साली अब्बांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपोआप हलू लागली, जणू तंबाखू मळताहेत. मग चाल बारीक झाली. मग ते अडकू लागले. बाहेरच्या खोलीतून आत येताना उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे व्हायचे. मी हाताला धरून ओढायचो, "अब्बा, चला ना, उचला पाय." ते म्हणायचे, "अरे, उचलतोय. पायच ऐकंना झालाय." मला वाटायचं, हट्ट करताहेत. एकदा मी आवाज चढवला. त्याचा सल अजून आहे.

मिरजेतल्या डॉक्टरांनी निदान केलं, कंपवात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज वैद्यानं १८१७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचं नाव आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या काही पेशी डोपामीन नावाचं द्रव्य तयार करतात. त्या पेशी कमी होत जातात. त्यामुळे सवयीच्या हालचाली आपसूक एकामागून एक घडवून आणणारी यंत्रणा मंदावते. डॉक्टर म्हणाले, "यांच्या पायात ताकद आहे, मनात इच्छा आहे. 'आता' असं सांगणारा आतला मुकादम दमलाय." उंबरा, अरुंद दार, वळण अशा ठिकाणी हे अडकणं जास्त होतं, हेही त्यांनीच सांगितलं. ओढू नका, माणूस पडतो, अशी ताकीद दिली.

औषधं सुरू झाली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. आतला मुकादम दमला असेल, तर बाहेरून 'आता' म्हणायचं. एकसारखा ठोका ऐकवला की पाऊल त्या ठोक्याला धरून पडतं. हा काही घरगुती तोडगा नव्हता. अमेरिकेतल्या कोलोरॅडो इथे मायकेल थाऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तीन आठवडे घरी ठेक्यावर चालण्याचा सराव केलेल्या रुग्णांच्या चालण्याचा वेग सुमारे पंचवीस टक्क्यांनी वाढला आणि पाऊलही लांब पडू लागलं. निरोगी माणूस मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं टाकतो. अब्बांची चाल मोजून बाईंनी मिनिटाला नव्वद ठोके ठरवून दिले.

मी मोबाइलवर ठोके देणारी सोय घेतली. टक् टक् टक् टक्. अब्बा दोन दिवस चालले, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे बंद कर. डोक्यात खिळा मारल्यागत होतंय." तेव्हा मला पिंजणाची आठवण झाली. आणि त्याबरोबर दुसरीही. १९९६ सालीच, म्हणजे तिकडे तो अभ्यास छापला गेला त्याच वर्षी, मी ते पिंजण विकून टाकलं होतं. गावात विजेवर चालणारं कापूस पिंजायचं यंत्र येऊन बरीच वर्षं झाली होती, अब्बा एका गादीवाल्याकडे कामाला जात होते, आणि पिंजण कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. घराला रंग द्यायचा होता. मी ते भंगारवाल्याला दिलं. किती पैसे आले तेही आता आठवत नाही. अब्बा तेव्हा एवढंच म्हणाले होते, "तात तरी काढून घ्यायची होतीस."

उपाय अम्माला सापडला. एका संध्याकाळी अब्बा उंबऱ्यापाशी अडकले होते. अम्मा चुलीपाशी बसली होती. तिनं लाकडी पाटावर उलथन्याच्या मुठीनं ठोका धरला आणि तोंडानं म्हणाली, "अवो, गादी पिंजायची हाय. धरा पिंजण. तँय... तँय..." अब्बांचा उजवा हात किंचित वर झाला. मग डावा पाय उचलला गेला, उंबऱ्यापलीकडे पडला, पाठोपाठ उजवा. ते आत आले आणि लहान मुलासारखे हसले. मी दारात उभा होतो. ज्या आवाजाला मी आयुष्यभर लाजलो, त्या आवाजावर माझे वडील आपल्याच घरात चालत आले.

त्यानंतर घरातल्या प्रत्येकानं तो ठेका शिकून घेतला. माझा धाकटा मुलगा तोंडानं "तँय तँय" करत आजोबांच्या पुढे चालायचा. शाळेतली पोरं मला चिडवताना करायची तोच आवाज. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही पांढऱ्या चिकटपट्ट्याही लावल्या. पावलाला डोळ्यांचाही आधार मिळतो, असं बाईंनी सांगितलं होतं. शुक्रवारच्या नमाजाला अब्बा माझ्या खांद्यावर हात ठेवून जाऊ लागले. मी हलक्या आवाजात ठेका धरायचो. मशिदीची पायरी आली की थोडा मोठ्यानं.

यात जादू नव्हती, हे मला स्पष्ट सांगायला हवं. ठेका आजार बरा करत नाही. सराव सुटला की त्याचा फायदा ओसरतो. औषधांची जागा तो घेत नाही, आणि प्रत्येकाला सारखाच लागू पडतो असंही नाही. कुणाचा आवाज, किती वेग, हे जाणकाराला विचारूनच ठरवावं. आजार पुढे सरकत राहिला. शेवटच्या वर्षी पाटावरच्या ठोक्यालाही पाय उत्तर देईनासे झाले. तरी अम्मा खाटेशेजारी बसून त्यांच्या मनगटावर बोटांनी हलका ठोका देत राहायची, आणि त्यांचा श्वास सावकाश होत जायचा. २०१८ साली अब्बा गेले.

जात्याचे दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. अम्माचे हात मी पाहिले आहेत. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला होता. पण कामाबरोबर कामाचं गाणंही गेलं, आणि आपण यंत्रांच्या आवाजात राहू लागलो. मिक्सरला, पंख्याला, मोटरला वेग आहे, पण त्यांच्यात आपल्या पावलासाठी जागा नाही. मग ती जागा आपणच राखायची. बाळाला मोबाइल देण्याऐवजी मांडीवर घेऊन थोपटावं. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून ओढण्याऐवजी त्याच्या पावलाशी पाऊल जुळवून चालावं. आणि घरातलं कुणी आयुष्यभर कोणत्या ठेक्यात काम करत आलं, ते एकदा नीट ऐकून ठेवावं. शिवणयंत्राचा पायटा असेल, हातोडा असेल, नाही तर लाटणं असेल. तो आवाज कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

मी आता पुन्हा वृत्तात लिहितो. लिहिताना डावा हात नकळत टेबलावर ठोका देत असतो. एक, दोन. एक, दोन. ओळ अडली की मी तिला ओढत नाही. ठेका धरून थांबतो. बहुतेक वेळा ती उंबरा ओलांडून येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)